झाडाला कुठे दुखतंय?

संपादकांनी फोनवर विषय सांगितला, ‘मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी’. मी हो म्हणाले, कारण फोनवर नाही म्हणणं मला जमत नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की गोडी लावण्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार थोडं आहे, पानभरात संपेल. पुढची पानं दुसऱ्याच गोष्टीने भरावी लागतील. ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, तेवढाच आधार.

मी सहा वर्षं मुलांना गोष्टी सांगितल्या. मुलुंड पूर्वेला, आमच्याच कॉलनीत, सोसायटीच्या ऑफिसमागच्या खोलीत, दर शनिवारी सकाळी दहा ते बारा. आठवडाभर घरून कॉम्प्युटरवर एका कंपनीचं काम आणि शनिवारी हे. पण कुणी विचारलं की काय करतेस, तर माझ्या मनात आधी शनिवार यायचा. खोलीत पुस्तकांचं एक कपाट, दोन सतरंज्या, गणपतीच्या मखराचे खांब आणि सोसायटीच्या जुन्या फायली. मुलं वीसेक, सात ते बारा वयाची, जवळपास सगळी इंग्रजी माध्यमातली. मीही त्यातलीच. मराठी पुस्तक आपणहून हातात घेतलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि एका पानाला दहा मिनिटं लागायची. त्यामुळे मूल वाचताना अडखळलं की मला घाई होत नसे. या कामासाठी माझी पात्रता म्हणाल तर एवढीच.

लोकांना वाटतं, गोष्ट सांगणारी म्हणजे हातवारे करणारी, वाघाचे आवाज काढणारी बडबडी बाई. मला ते येत नाही. मी खाली बघून वाचते, हळू. जिथे मुलांना पुढचं कळायची घाई होते तिथे पान उलटायला जरा जास्त वेळ लावते. एवढं पुरतं. आणखी एक नियम होता. गोष्ट संपली की संपली, मी त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत. याचा त्रास मुलांनाच जास्त झाला.

“ताई, मॉरल काय?”

“काही नाही.”

“मग संपली?”

“संपली.”

“असं कसं? आम्हाला शाळेत लिहायला लागतं.”

अर्णव नावाचा एक मुलगा तर पहिल्याच दिवशी, गावाचं वर्णन सुरू झाल्या झाल्या म्हणाला, “ताई, स्किप इंट्रो.” त्याची आई खाली न्यायला आली की विचारायची, “केतकी, यातून व्हॅल्यूज मिळतात ना गं? आणि थोडं स्पोकन इंग्लिश?” मी सांगायचे, काकू, मराठी गोष्टी आहेत. “हो, ते ठीकच आहे. पण मधेमधे?”

दुसरा तास बाहेरचा. कॉलनीत साठेक झाडं होती. प्रत्येकाने एक निवडायचं आणि वर्षभर तेच धरून ठेवायचं. दर शनिवारी अकरा वाजता आपापल्या झाडाजवळ जाऊन दहा मिनिटं बसायचं. बोलायचं नाही, काही तोडायचं नाही, नुसतं बघायचं. वर्षाच्या सुरुवातीला एकदा बुंध्याचा घेर मोजून ठेवायचा. मग दर वेळी वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. आज कोण आलं? नवीन काय? झाडाला कुठे दुखतंय?

तिसरा प्रश्न माझा शोध. मला त्याचा फार अभिमान होता. मुलांना ‘निरीक्षण करा’ म्हटलं की ती हिरवी पानं, तपकिरी खोड असं लिहून मोकळी होतात. पण ‘कुठे दुखतंय’ म्हटलं की डॉक्टर होतात. बुंध्याला ठोकलेले खिळे सापडतात, दिवाळीच्या माळेची राहून गेलेली तार सालीत रुतलेली दिसते, डिंक, वाळवी, बुरशी, पोखरलेली फांदी, सगळं दिसायला लागतं. थोडं जास्तच दिसतं म्हणा. अर्णवने आपल्या नारळाला डायबेटिस असल्याचं लिहिलं होतं, कारण त्याच्या आजोबांसारखा तोही रोज बारीक होत चालला होता.

तन्वी राणे आमच्याकडे आली तेव्हा आठ वर्षांची होती. तिला तिचे आजोबा घेऊन आले. ते पूर्वी गिरणीत होते. इतकी वर्षं मुंबईत काढूनही बोलणं मालवणीच. दारात उभं राहून त्यांनी मला तिच्यासमोरच सांगितलं, “ह्या चेडवाक सगळा येता गो. घरात बडबडता. भायर इली काय तोंड उघडना नाय. शाळेतली बाई चिठ्ये धाडता. बघ, तुझ्याकडे तरी बोलता काय.”

तन्वी जमिनीकडे बघत होती. मीही. आम्हा दोघींना एकमेकींचं बरं कळलं.

मी तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. लहानपणी माझ्यावर ते प्रयत्न झाले होते. ती सतरंजीच्या कडेला बसायची, ऐकायची, अकरा वाजता सगळ्यांच्या आधी उठायची. न बोलण्याची ती दहा मिनिटं तिला इतरांपेक्षा खूप सोपी जायची. तिने निवडलेलं झाड होतं सी विंगच्या मागचा सोनमोहर. सोसायटीने झाडांवर आकडे रंगवले होते, त्यात त्याचा नंबर तेवीस.

सात-आठ महिने असेच गेले. मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी झाडांमधून फिरत होते, तर माझी ओढणी मागून कुणीतरी ओढली. तन्वी. तिने वर बोट दाखवलं. सोनमोहराच्या एका वाळक्या फांदीला खालच्या बाजूने, कंपासने काढावं तसं गोल भोक होतं.

“आतून कोणीतरी बघतंय,” ती म्हणाली.

तिचा आवाज घोगरा होता. मी तो पहिल्यांदा ऐकत होते. मी काही बोलले असते तर बिघडलं असतं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. थोड्या वेळाने भोकातून एक हिरवं डोकं बाहेर आलं, कपाळावर लाल टिळा, आणि उडून गेलं. तांबट. टुक टुक टुक करत दिवसभर भांडी ठोकल्यासारखा आवाज काढतो तो.

त्यानंतर ती त्या तांबटासाठी पुस्तक न्यायला लागली. माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. आमच्याकडे पाठ करून, बुंध्याकडे तोंड करून ती वाचायची. आधी ओठातल्या ओठात, मग ऐकू येईल असं. बाकीची मुलं आपापली झाडं सोडून हळूहळू मागे येऊन बसायला लागली. मी त्यांना ताकीद दिली होती, टाळ्या नाहीत, वा वा नाही, ती वळली तर दुसरीकडे बघायचं. वीस मुलं एका मुलीच्या पाठीकडे बघत अख्खी गोष्ट ऐकताहेत, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. शाळेत अजून तिने तोंड उघडलं नव्हतं. पण आजोबांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की घरी ती पुढच्या वर्षीच्या वाचनस्पर्धेबद्दल विचारत होती. भिंतीकडे तोंड करून वाचलेलं चालेल का, असं. सहा वर्षांत माझ्या हातून काही झालं असेल तर ते हे. म्हणजे झाडाच्या हातून.

तन्वीच्या दुसऱ्या वर्षी डिसेंबरात आम्ही मुलांना मढला घेऊन गेलो. ओहोटीला खडकांतली खेकडी आणि शंख बघायचे होते. खेकडी राहिली बाजूला. वाटेत एका बंगल्यात शूटिंग चाललं होतं आणि अंगणात एक प्रचंड वड उभा केला होता, प्लास्टरचा. पारंब्या दोरखंडाच्या, रंगवलेल्या. मुलं कुंपणाला चिकटली. तिथल्या एका माणसाने हसून आत सोडलं. सवयीने सगळ्यांनी वह्या काढल्या. अर्णवने चारही बाजूंनी फिरून निदान केलं, “याला कुठेच दुखत नाही.” तन्वीने बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली, कान लावला आणि म्हणाली, “आत कोणीच नाही.”

मढहून परतल्यावर नाडकर्णी काकांनी मला ऑफिसात बोलावलं.

नाडकर्णी काका आमचे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेले. ही खोली त्यांच्यामुळे मिळाली होती. ‘सोसायटीची जागा फुकट क्लासला कशाला’ म्हणणाऱ्यांशी ते एकटे भांडले होते. त्यांच्याबद्दल मी आजही वाईट लिहू शकणार नाही. ते म्हणाले, “तुझ्या पोरांनी आपापली झाडं मोजलीत म्हणे? बुंध्याचा घेर वगैरे? मग एक व्यवस्थित तक्ता करून दे ना. सोसायटीच्या रेकॉर्डला राहील.”

मला इतका आनंद झाला की मी कशासाठी असं विचारलंच नाही. वीस वह्या घेऊन मी दोन संध्याकाळी बसले. तक्ता इंग्रजीत केला. मोठी माणसं इंग्रजी तक्ता गांभीर्याने घेतात हे मला शाळेपासून ठाऊक होतं आणि इंग्रजी लिहिताना मला माझी लाज वाटत नाही. नंबर, झाड, घेर, उंची अंदाजे आणि शेवटचा रकाना ‘कंडिशन’. ‘कोण आलं’ आणि ‘नवीन काय’ हे दोन प्रश्न तक्त्यात बसत नव्हते. ते मी सोडले. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं एकेका शब्दात आणली.

तन्वीच्या वहीत तिसऱ्या प्रश्नापुढे तीन वाक्यं होती. ‘एका फांदीत पोकळ आहे. दुखत नाही. तिथे तांबट राहतो.’ मी लिहिलं, ‘हॉलो’.

अर्णवच्या नारळाचा डायबेटिस मी तक्त्यात घेतला नाही. त्याच्यापुढे ‘नॉर्मल’ लिहिलं. म्हणजे काय गाळायचं आणि काय ठेवायचं हे मला कळत होतं. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, कारण ‘मला कुठे माहीत होतं’ असं म्हणायची सवय लागू शकते.

आदल्या पावसाळ्यात कॉलनीत एका गाडीवर फांदी पडली होती. तेव्हापासून सभासदांनी काकांचं डोकं खाल्लं होतं. त्यांनी धोकादायक झाडं तोडण्यासाठी महापालिकेकडे अर्ज केला आणि सोबत माझा तक्ता जोडला. अधिकारी येऊन बघून गेले. मार्चमध्ये सात झाडांवर नोटिसा लागल्या, हरकत असेल तर कळवा म्हणून. वॉचमनने त्या खिळ्यांनीच ठोकल्या. त्या शनिवारी अर्णवने दुसऱ्याच्या झाडाबद्दल आपल्या वहीत नोंद केली, ‘कुठे दुखतंय? नोटिशीचा खिळा.’

सातात तेवीस नंबर होता.

बोर्डावर यादी आणि शेजारी माझा तक्ता लावला होता. तन्वी टाचा उंचावून वाचत होती. इंग्रजी तिला माझ्याइतकंच सहज येत होतं. बोट आडवं सरकत शेवटच्या रकान्यावर थांबलं.

“ताई, माझी बाकीची वाक्यं?”

“टेबलमध्ये जागा नव्हती गं.”

तिने तक्त्याकडे पाहिलं. रकान्यात ‘हॉलो’च्या पुढे बरीच जागा होती.

“पण दुखत नाही असं मी लिहिलं होतं.”

“हो. मी मीटिंगमध्ये सांगते. रविवारी आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

मी एका कागदावर तीन वाक्यं लिहिली. तक्ता माझा आहे. त्यात चूक आहे. तेवीस नंबरची फक्त एक फांदी पोकळ आहे, बुंधा नाही. वाक्यं आरशासमोर म्हणून पाहिली. एक ईमेलही केला, महापालिकेच्या कार्यालयाला. तो पोचला की नाही कळलं नाही आणि फोन करून विचारणं म्हणजे पुन्हा बोलणं आलं.

मीटिंग गच्चीवर होती. साठ-सत्तर माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. आधी लिफ्ट, मग पाण्याची टाकी, मग कबुतरं, मग झाडं. ज्यांच्या गाडीवर फांदी पडली होती त्या शिर्के काकू उठल्या. “माझं स्पष्ट म्हणणं आहे. पक्षी काय, उडून दुसऱ्या झाडावर बसतील. माझी गाडी उडते का?” सगळे हसले. मलाही हसू आलं, हेही लिहून ठेवते.

मागच्या रांगेत तन्वीचे आजोबा बसले होते. त्यांनी मला बघून मान हलवली.

मी कागद घट्ट धरला होता. आता उठू, या माणसाचं झालं की उठू, असं चाललं होतं. तेवढ्यात नाडकर्णी काकांनीच माझं नाव घेतलं. “मंडळी, हे काम इतकं सोपं झालं ते आपल्या केतकीमुळे आणि मुलांमुळे. काय तक्ता बनवलाय! साहेबसुद्धा म्हणाले, इतकी व्यवस्थित माहिती कुठली सोसायटी देत नाही. ये गं केतकी, पुढे ये.” टाळ्या. माझ्या हातात एक मनी प्लांटची कुंडी दिली. “बोल, दोन शब्द बोल. लाजतेस काय!”

माइक माझ्या तोंडासमोर होता. इतकी सरळ संधी आयुष्यात कुणाला मिळत नसेल. कागद कुंडीखाली दबला होता आणि कुंडी दोन्ही हातांत.

“थँक यू,” मी म्हणाले.

मुलांसमोर मी तासभर वाचू शकते. त्या सत्तर माणसांसमोर मला माझी स्वतःची तीन वाक्यं वाचता आली नाहीत. याला पुढे काही स्पष्टीकरण नाही. लहानपणापासूनची भीड वगैरे म्हणता येईल, पण सोनमोहराला त्याचं काय?

जिन्यात आजोबा थांबले होते. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, “तू बोलतलंस म्हणान मी गप रवलंय गो.”

एप्रिलमधल्या एका शनिवारी मशीनची करवत आली. वेळ आमचीच, सव्वादहा. मी खिडकी लावून घेतली आणि वाचत राहिले. आवाज खिडकीतून येतच होता, तेव्हा मी वरच्या पट्टीत वाचलं. सहा वर्षांत पहिल्यांदा इतक्या मोठ्याने. मुलं खिडकीकडे बघत होती. तन्वी बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, मी काही विसरलेय आणि ते मला आता आठवेल अशा नजरेने. मधे करवत थांबली, फांद्या जमिनीवर आल्याचा आवाज झाला आणि माझं वाक्य त्या शांततेत एकटंच खोलीभर ऐकू आलं. कुठलं वाक्य होतं आठवत नाही. गोष्ट विनोदी होती.

भोकात पिल्लं होती का, मला माहीत नाही. तो दिवसांचा हिशेब करता येतो, मी केलेला नाही.

बाराला मुलं सुटली. पाच मिनिटांत अर्णव धावत परत आला. “ताई! तेवीस नंबर आतून फुल आहे. एकदम सॉलिड! मी हात लावून बघितला. पोकळ नाहीच आहे!” त्याला हा शोध वाटला होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, “म्हणजे, सांगितलं फक्त.”

तन्वी नंतर आली नाही. मी आणखी तीन शनिवार काढले. गोष्टी वाचल्या, बाहेर गेलो. पण अकरा वाजता मुलांनी वह्या उघडल्या की तिसऱ्या प्रश्नाशी माझी नजर अडायची. मुलंही तिथे लिहिताना आता वर बघायची आणि विचारायची, “हे लिहू ना? लिहिलं तर कापणार नाहीत ना?” काही जणांनी उत्तर ठरवूनच टाकलं होतं. ‘नॉर्मल’. तार रुतलेली दिसत असताना नॉर्मल, वाळवी चढलेली असताना नॉर्मल. मी त्यांना सहा वर्षं बघायला शिकवलं आणि सहा आठवड्यांत बघितलेलं लपवायला. चौथ्या शनिवारी मी खोलीची किल्ली नाडकर्णी काकांकडे दिली. “अगं का? छान चाललं होतं की!” ते खरंच दुखावले होते. मी म्हटलं, ऑफिसचं काम वाढलंय.

सी विंगच्या मागे आता चार गाड्या राहतात. मनी प्लांट माझ्या खिडकीत आहे. पाणी घातलं नाही तरी वाढतो.

तेव्हा संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर. गोडी लागते. फार सोपं आहे ते, मूल गप्प असलं तर त्याला गप्प राहू द्यावं आणि जवळ बसावं. त्यानंतर त्या मुलाचं म्हणणं मोठ्या माणसांत नेऊन पोचवायचं असतं, ते काम मला येत नाही, आणि तेच न येता बाकीचं करायला जाऊ नये, असं आता वाटतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तन्वीचे आजोबा घरी आले. आत बसले नाहीत. दारातूनच तिची झाडाची वही माझ्या हातात दिली. “तिना सांगितल्यान, ताईक दी.”

“कशी आहे?”

“बरी हा.” मग वळता वळता, “घरातय कमीच बोलता आता.”

ते गेल्यावर मी वही उघडली. दोन वर्षांचे शनिवार होते, एकही चुकलेला नाही. शेवटची नोंद झाड पाडल्यानंतरच्या शनिवारची होती. म्हणजे ती खोलीत आली नव्हती, पण त्या जागी जाऊन बसली होती, दहा मिनिटं.

‘आज कोण आलं? कोणी नाही.

नवीन काय? ऊन.

झाडाला कुठे दुखतंय? लिहायला जागा नाही.’

त्या ओळीखाली पाऊण पान कोरं होतं.